स्नोशू घेताना आधी बाइंडिंग बघा: इंदूरहून बर्फात जाणाऱ्यांसाठी

डिसेंबर उजाडला की इंदूरच्या ट्रेकिंग गटांत गुलमर्ग, मनाली, केदारकंठाचे बेत शिजू लागतात. बूट कोणते, जॅकेट कितीचं, यावर महिनाभर खल होतो. स्नोशू, म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी, मात्र ‘तिथे भाड्याने मिळतात’ एवढ्यावर सोडून दिले जातात. तिथे गेल्यावर दुकानदार जो जोड पुढे करेल तो पायात अडकवायचा आणि मग दर पन्नास पावलांवर थांबून पट्टे ओढत बसायचं, असा प्रकार होतो. हे घरबसल्या टाळता येतं. स्नोशूची चौकट तुम्हाला बर्फावर तरंगवते, पण चालवतं ते बाइंडिंग, म्हणजे बूट चौकटीला बांधणारा पट्ट्यांचा भाग. बरी चौकट आणि वाईट बाइंडिंग या जोडीत दिवस वाया जातो. साधी चौकट आणि चांगलं बाइंडिंग असेल तर नवखा माणूसही मजेत चालतो. म्हणून इथे बाइंडिंगला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

मुळात लागणार आहे का?

बूट बर्फात घोट्याच्या वर, पोटरीपर्यंत किंवा गुडघ्यापर्यंत रुतत असेल तरच स्नोशूचा उपयोग. केदारकंठाच्या नेहमीच्या वाटेवर हंगामात इतकी वर्दळ असते की बर्फ तुडवून घट्ट होतो. तिथे बुटावर चढवायचे साखळीचे मायक्रोस्पाइक पुरतात, स्नोशू म्हणजे पाठीवरचं नुसतं ओझं. उलट गुलमर्गच्या जंगलात जानेवारीत ताजा बर्फ पडल्यावर वाट सोडून दहा पावलं टाकून बघा, कंबरेपर्यंत जाल. मनालीकडे हमता किंवा सोलंगच्या वरच्या कुरणांतही नव्या बर्फात हीच गत.

दुसऱ्या टोकाला, काचेसारखा कडक झालेला तीव्र उतार असेल तर तेही स्नोशूचं काम नाही. तिथे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लांब पोलादी दात) आणि आइस अॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) लागतात, आणि त्यांचं शिक्षण लागतं. मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था किंवा उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था यांचे प्राथमिक अभ्यासक्रम त्यासाठीच आहेत.

आधी वजन, मग माप

उंचीवरून माप ठरत नाही, एकूण भारावरून ठरतं. घरच्या वजनकाट्यावर सगळे गरम कपडे, बूट आणि पाण्यासकट भरलेली सॅक घेऊन उभे राहा. 68 किलोचा माणूस असा उभा राहिला की काटा 84-85 वर सहज जातो. दुकानदाराला हा आकडा सांगायचा, नुसतं अंगाचं वजन नाही.

हिशेब साधा आहे. बुटाच्या तळव्याचं क्षेत्रफळ धरा 250 चौरस सेंटिमीटर. चालताना क्षणभर सगळा भार एकाच पायावर असतो, म्हणजे 84 किलोला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण 340 ग्रॅम दाब. 64 सेंटिमीटर लांब, 20 सेंटिमीटर रुंद स्नोशूची कोपऱ्यांची गोलाई वजा केली तर 1,100 चौरस सेंटिमीटर उरतात, आणि दाब 76 ग्रॅमवर येतो. साडेचारपट कमी. तरीही भुसभुशीत बर्फात वीतभर रुताल. स्नोशू घालून बर्फावर अलगद चालता येतं हा समज चुकीचा आहे. गुडघाभर रुतण्याऐवजी वीतभर रुतणं, हाच फायदा, आणि तो फार मोठा आहे.

बाजारात मापं इंचांत येतात: 22, 25, 30 आणि 36. ढोबळ अंदाज असा, की एकूण भार 80 किलोच्या आत असेल तर 25 इंची, 80 ते 100 असेल तर 30 इंची, त्यापुढे 36. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, तो जोडावर किंवा खोक्यावर छापलेला असतो. त्यालाच प्रमाण माना. बर्फाची जातही यात येते. ताज्या कोरड्या बर्फाचा एक घनमीटर 50 ते 100 किलोचा असतो, बसलेल्या जुन्या बर्फाचा 200 ते 300 किलोचा. म्हणून जानेवारीच्या भुसभुशीत बर्फाला दोन मापांच्या सीमेवर असाल तर मोठं घ्या, मार्चच्या बसलेल्या बर्फाला लहान.

मोठं ते चांगलं असं मात्र नाही. रुंद चौकटीत पाय फाकवून चालावं लागतं आणि संध्याकाळी मांडीचे सांधे बोलू लागतात. कमी उंचीच्या माणसांना, विशेषतः बायकांना, याचा त्रास जास्त होतो. बायकांसाठीचे जोड अरुंद आणि मागे निमुळते असतात ते याचसाठी, आणि लहान चणीच्या पुरुषांनीही ते वापरायला काही हरकत नाही. काही जोडांना मागे 13 सेंटिमीटरची जादा शेपटी अडकवता येते. एमएसआर या कंपनीच्या जोडांत ही सोय आहे. नवख्यांना हा पर्याय उत्तम: रोजच्या वाटेला लहान जोड, खोल बर्फाला शेपटी.

चौकट, डेक आणि दात

जुने स्नोशू अॅश लाकडाच्या वाकवलेल्या चौकटीचे आणि कच्च्या कातड्याच्या जाळीचे असत. आजचं रूप अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात घडलं. 1972 मध्ये कॅस्केड पर्वतात जीन आणि बिल प्रेटर यांनी लाकडाच्या जागी अॅल्युमिनियमची नळी घेतली, जाळीच्या जागी निओप्रीन आणि नायलॉनचं डेक (चौकटीत बसवलेला, बर्फावर टेकणारा पृष्ठभाग) लावलं, बाइंडिंगला बिजागरी दिली आणि तळाला दात बसवले. यातली बिजागरी आणि दात हेच खरे मोठे बदल, कारण त्यामुळे स्नोशू सपाट जंगलातून डोंगरावर आले. 1995 मध्ये एमएसआरच्या डेनाली या जोडाने साच्यात ओतलेलं प्लॅस्टिकचं डेक लोकप्रिय केलं.

आता तीन प्रकार दिसतील. नळीची चौकट आणि ताणलेलं डेक हा पहिला: हलका, तरंगतो छान, पण नळी गोल असल्याने आडव्या उतारावर कडेनं घसरतो. दुसरा ओतीव प्लॅस्टिकचा: दणकट, स्वस्त, तळाला लांबीने लोखंडी पट्ट्या, चालताना कडक बर्फावर खडखड आवाज करतो, बाकी तक्रार नाही. तिसऱ्यात नळीऐवजी उभी धातूची पट्टी असते आणि तिची खालची कडच दातेरी कापलेली असते, त्यामुळे सगळीकडून पकड मिळते. हा सगळ्यात महाग. फोमचे जोडही निघाले आहेत, ते तुडवलेल्या वाटेवर मऊ चालतात, पण हिमालयातल्या चढाला नकोत.

जुना जोड मिळाला तर डेक कशाचं आहे ते विचारा. पूर्वी हायपलॉन नावाचं रबर वापरत. ड्युपॉन्टने त्याचं उत्पादन 2010 मध्ये बंद केलं. आता बहुतेक ठिकाणी पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं नायलॉन असतं. डेक फाटतं ते मधे नाही, तर चौकटीला अडकवलेल्या क्लिपांपाशी. तिथे बोट फिरवून बघा.

दात तीन जागी हवेत. चवड्याखाली, टाचेखाली आणि दोन्ही बाजूंना लांबीने. चवड्याखालचे चढाला, टाचेखालचे उताराला, बाजूचे आडवं जाताना. भाड्याच्या जोडात बाजूचे दात नसले तर फक्त सपाट आणि मोकळ्या चढावर जायचं हे तिथेच ठरवून टाका. दात पोलादी असावेत. अॅल्युमिनियमचे दात दगडावर दोनचार दिवसांत बोथट होतात.

बाइंडिंग: जिथे पाय आणि चौकट भेटतात

स्नोशू उलटा धरून पाहा. पुढच्या तिसऱ्या भागात डेकला एक खिडकी असते आणि तिच्या मागच्या बाजूला आडवी आस. बाइंडिंग या आसेभोवती फिरतं आणि चवड्याखालचे दात बाइंडिंगच्याच तळाला असतात. त्यामुळे चढावर टाच उचलली की पायाचा पुढचा भाग खिडकीतून खाली वळतो आणि दात बर्फात रोवले जातात. सगळी करामत या एका हालचालीत आहे. म्हणूनच चवडा बरोबर आसेवर असणं इतकं महत्त्वाचं: पाय पुढे सरकलेला असेल तर बुटाचं नाक खिडकीच्या कडेला आपटतं आणि दात पूर्ण खाली वळतच नाहीत, मागे राहिला असेल तर तुमचा भार दातांवर येत नाही आणि पाऊल सुटतं.

ही आस दोन प्रकारची असते, आणि निवड करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा.

पहिल्या प्रकारात पोलादी दांडी असते आणि बाइंडिंग तिच्याभोवती मोकळं फिरतं. पाय उचलला की शेपटी खाली लोंबते, बर्फ आपोआप घसरून पडतो, शेपटी बर्फावरून ओढली जाते. पाय हलका राहतो. तीव्र चढावर बुटाचं नाक बर्फात मारून पायरी करता येते. तोटा एकच, पण पक्का: मागे चालता येत नाही. मागे पाऊल टाकलं की शेपटी बर्फात रुतते आणि माणूस पाठीवर पडतो.

दुसऱ्या प्रकारात दांडीऐवजी रबरी किंवा निओप्रीनचा ताणलेला रुंद पट्टा असतो. पाय उचलला की तो शेपटीला वर खेचतो, स्नोशू तळव्याला चिकटून राहतो. ओंडका ओलांडणं, मागे येणं, पळणं सोपं. शर्यतीचे स्नोशू याच घडणीचे. (स्पेशल ऑलिम्पिकच्या हिवाळी खेळांत स्नोशूच्या शर्यती असतात, मार्च 2025 मध्ये तुरिनला भारतीय खेळाडूंनी त्यात पदकं मिळवली, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.) तोटा असा, की प्रत्येक पावलाला शेपटी बर्फ उडवते आणि तो पोटऱ्यांवर, पाठीवर येऊन पडतो. दिवसभरात पँट ओलीचिंब. खोल बर्फात डेकवर साचलेला बर्फही तुम्हीच उचलत राहता.

दुकानात ओळखायचं कसं? बाइंडिंगला धरून स्नोशू आडवा उचला. शेपटी सरळ खाली पडली तर मोकळी आस. मधेच तिरकी थांबून स्प्रिंगसारखी परत आली तर ताणाचा पट्टा. सॅक घेऊन हिमालयात चढ-उतार करायचे असतील तर मोकळी आस घ्या, यात आमचं दुमत नाही. सपाट देवदाराच्या जंगलात तासभर फिरायचं असेल तर दुसरी चालेल.

आसेची दुसरी परीक्षा: एका हाताने चौकट घट्ट धरा, दुसऱ्याने बाइंडिंग डावी-उजवीकडे पिळा. किंचित हलणं ठीक. खुळखुळ वाजत असेल तर बुश, म्हणजे आसेभोवतीची छोटी नळी, झिजला आहे. असा जोड सपाटीवर चालून जातो, पण आडव्या उतारावर पाय चौकटीबाहेर कलंडतो आणि घोटा मुरगळतो.

आता पट्टे. रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकचे, भोकं आणि खुंटीवाले पट्टे सगळ्यात भरवशाचे. जाड हातमोजे न काढता लागतात, पाणी पीत नाहीत, गोठत नाहीत, तुटला तर एकच पट्टा बदलता येतो. दातेरी पट्टी आणि खटका असलेली रॅचेट बक्कल पटकन आणि नेमकी आवळते, पण दातांत बर्फ भरला की खटका सुटतो किंवा अडतो. तोंडाची वाफ देऊन बर्फ वितळवायला जाल तर तेच पाणी मिनिटात पुन्हा गोठतं. काडीने किंवा काठीच्या टोकाने बर्फ कोरून काढायचा, वाफ द्यायची नाही. नायलॉनच्या विणलेल्या पट्ट्या पाणी पितात, कडक होतात आणि पट्टा चिमटून धरणाऱ्या कॅम बकलीतून हळूहळू सरकतात. भाड्याच्या जुन्या जोडांत हेच पट्टे जास्त दिसतात आणि ‘स्नोशू सारखे सुटतात’ ही तक्रार बहुतेक वेळा त्यांचीच असते. चकती फिरवून बारीक पोलादी तार आवळणारी बोआ पद्धत पायाला सगळीकडून सारखी धरते, आरामाला तिच्यासारखी नाही. पण तार तुटली तर डोंगरात दुरुस्ती नाही. एक दिवसाच्या फेरीला घ्या, मुक्कामाच्या ट्रेकला नको.

शेवटी टाचेखालची उचल. जाड तारेची ही कमान तीव्र चढावर उभी केली की टाच तिच्यावर टेकते आणि पोटरीवरचा ताण उतरतो. साधारण 15 ते 20 अंशांच्या वर चढ गेला की वापरा. काठीच्या टोकाने उभी-आडवी करता आली पाहिजे. प्रत्येक वेळी वाकावं लागत असेल तर तुम्ही ती वापरणारच नाही. उतरायला लागण्याआधी ती आडवी करायला विसरू नका, नाहीतर शरीर पुढे ढकललं जातं.

घरी बांधून बघा

हे काम इंदुरातच, निघण्याच्या आठवडाभर आधी करायचं. फरशीवर नको, दातांनी टाइल्स फुटतात. जुनी सतरंजी किंवा गोणपाट दुहेरी अंथरा. ट्रेकला घालणार तेच बूट आणि तेच जाड मोजे घाला. जोड भाड्याने घेणार असाल तर गुलमर्गच्या हॉटेलात आदल्या संध्याकाळी हेच करा, सकाळी बर्फात उभं राहून नाही.

1. डावा-उजवा ओळखा. बकला आणि पट्ट्यांची टोकं बाहेरच्या बाजूला यायला हवीत. आत आली तर चालताना एकमेकांत अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो.

2. सगळे पट्टे पूर्ण सैल करा. अर्धवट सैल पट्ट्यात बूट कोंबला की तो वाकडा बसतो आणि मग काहीही केलं तरी सरळ होत नाही.

3. चवडा आसेवर आणा. बुटाचं नाक खिडकीच्या पुढच्या कडेपासून दोन बोटं मागे राहिलं पाहिजे. टाच डेकच्या मधोमध, टाचेच्या दातांच्या वर. इथे घाई करू नका. पुढचं सगळं या एका गोष्टीवर आहे.

4. आधी पुढचा पट्टा, मग पावलावरचा, शेवटी टाचेचा. पुढचा पट्टा बूट हलू नये इतकाच. तो कचकचून आवळला की बोटांचं रक्त थांबतं आणि थंडीत बोटं बधिर होतात, हिमदंशाची सुरुवात तिथून होऊ शकते. घट्ट हवा तो पावलावरचा, कारण बूट वर उचलला जाऊ न देण्याचं काम त्याचं.

5. टाचेचा पट्टा बुटाच्या मागच्या खाचेत, तळव्याच्या जरा वर बसवा. त्याखाली एक बोट जेमतेम जावं. पाय मागे सरकू न देणं एवढंच त्याचं काम आहे. तो सारखा खाली घसरत असेल तर बहुधा पावलावरचा पट्टा सैल आहे.

6. उरलेली टोकं क्लिपमध्ये खोचा. लोंबतं टोक दुसऱ्या पायाखाली येतं.

7. उभे राहा, एक पाय उचला, झटका द्या. बूट बाइंडिंगमध्ये फिरला तर परत तिसऱ्या पायरीवर या. मग टाच पूर्ण उचलून बघा, नाक कडेला लागतं का. पाच मिनिटं जागेवर पावलं टाकून पट्टे पुन्हा एकदा ओढा, कारण बूट बसला की पट्टे सैल पडतात. बर्फातही पहिल्या दहा मिनिटांनी हे करायचंच.

एवढं जमलं की हातमोजे घालून पुन्हा करा, दोन्ही पाय मिळून तीन मिनिटांच्या आत. जमत नसेल तर दोष सरावाचा आहे की बकलीचा, हे घरीच कळेल.

जोड स्वतःचा असेल तर आणखी एक परीक्षा: बाइंडिंगचे पट्टे ओले करून स्नोशूसकट, किंवा सुटे होत असतील तर नुसते, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. घरचा फ्रीझर उणे 18 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे गुलमर्गच्या जानेवारीतल्या बहुतेक पहाटेंपेक्षाही थंड. सकाळी काढल्या काढल्या हातमोज्यांनी बकल उघडून लावून बघा आणि पट्टा दुमडून बघा. भोकांभोवती पांढऱ्या रेघा उमटल्या तर तो पट्टा या हंगामात तुटणार. आत्ताच बदला.

चालण्याच्या सवयीला नर्मदेकाठची कोरडी वाळू बरी. नेमावरकडे वाळू मोकळी लागेल तिथे अर्धा तास चाला: पाय नेहमीपेक्षा चार बोटं जास्त फाकवायचे, उचललेला स्नोशू दुसऱ्याच्या कडेवरून पुढे न्यायचा, वळताना छोट्या पावलांनी गोल फिरायचं. शेतातल्या काळ्या मातीत हा प्रयोग नको, ती दातांत बसली की निघता निघत नाही. घरी आल्यावर आसेतली वाळू पाण्याच्या धारेने धुवा, नाहीतर बुश तिथेच झिजायला लागतो.

बर्फावर पहिला तास

दोन काठ्या घ्या आणि त्यांना रुंद चकत्या लावा. उन्हाळी ट्रेकच्या बारीक चकतीची काठी मुठीपर्यंत बर्फात जाते. बूट पाणी न शोषणारे, घोटा धरणारे हवेत. पायाला गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडापासून पोटरीपर्यंतचं आवरण, नाहीतर बुटाच्या तोंडातून बर्फ आत जातो.

चढताना सरळ चढा, नागमोडी नको. डोंगरी वाटांची आपली सवय वळणं घेत जायची, पण स्नोशूचे मुख्य दात समोरच्या चढासाठी आहेत. आडवं जावंच लागलं तर चढाकडची कड बर्फात आपटून बाक करा आणि त्यावर उभे राहा. उतरताना गुडघे किंचित वाकवून भार पायांवर सरळ ठेवा. भीतीने मागे झुकलात की टाचेचे दात सुटतात आणि स्नोशू घसरगुंडी होतो. खोल बर्फात पुढच्या माणसाची दमछाक सगळ्यात जास्त होते, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी पुढचा बदला, आणि मागच्यांनी त्याच ठशांवर पाऊल टाका.

दुपारी ऊन चढलं, बर्फ शून्य अंशांच्या जवळ आला की तो चवड्याखालच्या दातांत गोळा होतो. उंच टाचांवर चालल्यासारखं वाटायला लागलं की समजा गोळा झाला. काठीने स्नोशूच्या कडेला टोला मारा, पडतो. निघण्याआधी दातांच्या पत्र्यावर सिलिकॉन स्प्रे मारला तर हे कमी होतं. दगड दिसले की बाजूने जा किंवा स्नोशू काढा. दोन दगडांवर पूल टाकल्यासारखं पाऊल पडलं की नळी वाकते, आणि वाकलेली नळी सरळ करायला गेलात की मोडते.

एक गोष्ट गंभीरपणे. हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात, आणि स्नोशू तुम्हाला अशा उतारांवर सहज नेऊन सोडतात जिथे एरवी तुम्ही पोचलाच नसता. फेब्रुवारी 2023 मध्ये गुलमर्गच्या अफरवट शिखरावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा जीव गेला. संरक्षण मंत्रालयाच्या डीजीआरई या संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे निघतात, ते सकाळी बघा. ताज्या बर्फानंतर अशा उतारांवर आणि त्यांच्या थेट खालीही जाऊ नका. गोंडोलाच्या (गुलमर्गच्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्याच्या वर स्थानिक वाटाड्या, ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा माग काढणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं यांच्याशिवाय पाऊल टाकू नका. पहिल्या खेपेला गुलमर्गच्या वाटीतलं सपाट जंगल भरपूर आहे.

नेण्याची तयारी

मालवा एक्सप्रेसने कटऱ्यापर्यंत, आणि जून 2025 पासून तिथून श्रीनगरला वंदे भारतने, असा रेल्वेचा मार्ग आता मोकळा आहे. जोड दातांना दात लावून, मधे गोणपाट घालून, दोन ठिकाणी बांधा. सॅकच्या बाहेर उघडे दात लटकवले की डब्यात कोणाच्या तरी पायाला लागतात. विमानाने जाणार असाल तर चेक-इन सामानातच.

दुरुस्तीची छोटी पिशवी सियागंजात पन्नास पावलांत भरते: रुंद केबल टाय दहा, बाइंडिंग तार दोन मीटर, छोटी पक्कड, दोन होज क्लिप, स्प्लिट पिना, कापडी चिकटपट्टी, आणि दोन सुटे लवचिक पट्टे. डेकची क्लिप तुटली तर केबल टाय. वाकलेल्या नळीला आधार म्हणून काठीचा तुकडा आणि त्यावर होज क्लिप. आसेची पिन हरवली तर तारेचे तीन वेढे, टोकं पकडीने खाली दाबून. टाचेचा पट्टा तुटला तर सुटा पट्टा आठच्या आकड्यात पावलावरून टाचेमागे न्या. केबल टाय थंडीत ठिसूळ होतात, म्हणून साधे पांढरे नकोत, बाहेरच्या वापराचे काळे मागा आणि एकाऐवजी दोन लावा.

परतल्यावर

हॉटेलात बुखारीजवळ (खोली तापवायच्या शेगडीजवळ) स्नोशू वाळत टाकू नका. पट्टे मऊ पडून भोकं ताणली जातात आणि ओतीव डेकला कायमचा बाक येतो. बर्फ झटकून थंड खोलीत उभे करा, सकाळपर्यंत वाळतात. इंदुरात आल्यावर साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, दातांवर तेलाचं बोट फिरवा, दाताची धार फार गेली असेल तर कानशीने हाताने घासा. ग्राइंडरच्या उष्णतेने पोलादाचा कडकपणा जातो.

ठेवताना सगळे पट्टे उघडे. आवळून ठेवलेला पट्टा तसाच ताणलेला राहतो. पत्र्याखालच्या माळ्यावर टाकायचे नाहीत. मे महिन्यात बाहेर 41-42 अंश असतात तेव्हा पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त होतं आणि रबर त्यातच मरतं. पलंगाखाली, कापडी पिशवीत, अंधारात ठेवा. दिवाळीनंतर बाहेर काढून प्रत्येक पट्टा दुमडून बघा, रिव्हेट बोटाने दाबून बघा आणि आस पिळून बघा. सुटा भाग मागवायचा असला तर यायला वेळ लागतो, तो नोव्हेंबरातच मागवा.